रात्रीची शिकार आणि उष्णतेची दुर्बीण

पिकाची राखण करणाऱ्या माणसाला रात्र किती मोठी असते, हे मराठी शेतकऱ्याला निराळे सांगावयास नको. कणसात दाणा भरू लागला की माळ्यावर जाऊन बसावयाचे, मधून मधून रिकामा डबा बडवावयाचा, आरोळी द्यावयाची, शेकोटी विझू द्यावयाची नाही. आणि एवढे करूनही पहाटेच्या सुमारास क्षणभर डोळा लागला, तर तेवढ्या अवधीत रानडुकरांनी शेताचा एक कोपरा नांगरून टाकल्यासारखा करून ठेवावयाचा, हा अनुभव कोकणातही आहे आणि विदर्भातही आहे. या झगड्यात जनावराचे सारे बळ एका गोष्टीत असते. काळोख त्याच्या सोयीचा असतो आणि माणसाच्या गैरसोयीचा असतो.

हाच झगडा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, अमेरिकेतील टेक्सस राज्यातही चालू आहे. मात्र तेथील शेतकऱ्याच्या हाती आता असे एक उपकरण आले आहे, की ज्याच्यापुढे काळोखाचा आडोसा जवळजवळ नाहीसा होतो. बंदुकीवर बसविण्याची ही दुर्बीण प्रकाशाने पाहत नाही. ती उष्णतेने पाहते. तिला इंग्रजीत ‘थर्मल स्कोप’ असे नाव आहे; मराठीत तिला उष्णतेची दुर्बीण म्हणावयास हरकत नाही. ती कोणत्या तत्त्वावर चालते, ती निवडताना काय पाहावे, ती वापरताना कोणते पथ्य पाळावे आणि मुख्य म्हणजे तिला काय दिसत नाही, याचा विचार टेक्ससच्या उदाहरणावरून करता येतो.

डुक्कर हे अमेरिकेचे मूळचे जनावर नव्हे. कोलंबसाने १४९३ मधील आपल्या दुसऱ्या सफरीत काही डुकरे बरोबर नेऊन कॅरिबियन बेटांवर उतरविली. पुढे १५३९ मध्ये हेर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सेनानी फ्लोरिडात उतरला, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर शिधा म्हणून चालते-फिरते कळप होते. त्यानंतर आलेल्या वसाहतवाल्यांनीही डुकरे मोकळी चरावयास सोडण्याची पद्धत ठेवली, आणि त्यांतील कितीतरी रानात कायमची राहून गेली. विसाव्या शतकात शिकारीच्या हौसेसाठी युरोपातील रानडुकरे मुद्दाम आणण्यात आली. तीही कुंपणाबाहेर पडली आणि या रानटी झालेल्या कळपांत मिसळली. गावडुक्कर आणि रानडुक्कर यांची जात मुळात एकच असल्याने हा संकर सहज झाला. आज एकट्या टेक्ससमध्ये अशी डुकरे वीस लाखांच्या घरात असावीत असा अंदाज केला जातो. साऱ्या अमेरिकेत ती साठ लाखांच्या आसपास धरली जातात.

या जनावराने शेतकऱ्याचे नुकसान कसे करावे, याला मर्यादा नाही. मक्याचे बी पेरून शेतकरी घरी गेला की रात्री कळप येतो आणि ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बी उकरून खात जातो. सकाळी पाहावे तर जणू कोणी दोरी धरून ओळ मोडली आहे. भुईमुगाच्या शेतात त्यांना काय हवे असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. घाम येऊन शरीर थंड व्हावे अशी सोय निसर्गाने डुकराला दिलेली नाही, म्हणून उन्हाळ्यात ती दिवसा चिखलात लोळतात आणि रात्री चरतात. दिवसा माणसाचा पाठलाग मागे लागला की ती आणखीच निशाचर होतात. अशा स्थितीत टेक्सस राज्याने या डुकरांच्या बाबतीत कायदा पुष्कळ सैल केला. १ सप्टेंबर २०१९ पासून तेथे जमीनमालकाच्या संमतीने खाजगी जमिनीवर डुकरे मारावयास शिकारीचा परवानाही लागत नाही आणि रात्रीची बंदी नाही. हरणाची शिकार मात्र तेथे रात्री करता येत नाही. हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरतो. कारण एकाच शेतात, एकाच रात्री, एकाच दुर्बिणीत डुक्करही दिसते आणि हरीणही दिसते.

आता या दुर्बिणीचे तत्त्व पाहू. इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने सूर्यप्रकाश लोलकातून पाडून निरनिराळ्या रंगांत तापमापके ठेवली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथेही तापमापकाचा पारा चढला. किंबहुना तेथे तो अधिक चढला. डोळ्याला न दिसणारा असाही किरणांचा एक प्रकार आहे, हे त्यावरून कळले. या किरणांना अवरक्त किरण म्हणतात. जगातील प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार असे किरण सतत बाहेर टाकीत असते. माणसाच्या किंवा जनावराच्या अंगातून जे किरण निघतात, त्यांतील सर्वांत प्रबळ किरणांची लांबी सुमारे दहा मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा शंभरावा भाग असते. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या मानाने ती चौदा ते पंचवीस पट मोठी आहे. म्हणून उत्तम डोळ्यालाही ती दिसणे शक्य नसते.

रात्री पाहण्याची साधने यापूर्वीही होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत अमेरिकन सैनिकांनी बंदुकीवर अवरक्त दिवा आणि त्या दिव्याचा उजेड पाहू शकणारी दुर्बीण बसविली होती. व्हिएतनामच्या युद्धात चांदण्यांचा अंधुक उजेड हजारो पटींनी वाढवून दाखविणारी दुर्बीण आली. परंतु या दोन्ही साधनांना कोठून तरी आलेला उजेड लागत असे. उष्णतेच्या दुर्बिणीला तो लागत नाही. तिच्यात जनावर स्वतःच दिवा असते.

तिचे हृदय म्हणजे एक नखाएवढी सिलिकॉनची चकती. या चकतीवर व्हॅनेडियम ऑक्साइडचे किंवा तत्सम पदार्थाचे लक्षावधी सूक्ष्म पापुद्रे बारीक पायांवर अधांतरी उभे केलेले असतात आणि सभोवार निर्वात पोकळी असते. किरण पडला की पापुद्रा किंचित तापतो. तापला की त्याचा विद्युतरोध बदलतो. तो बदल मोजून पडद्यावर एक टिंब उजळ किंवा गडद केले जाते. या टिंबालाच पिक्सेल म्हणतात. आजच्या चांगल्या चकतीवरील एका टिंबाची रुंदी बारा मायक्रॉन असते. माणसाच्या केसाच्या जाडीत अशी पाच-सहा टिंबे सहज मावतील. अमेरिकेत हे तंत्र लष्करी गुपित म्हणून जपले गेले होते. १९९२ मध्ये त्यावरील गुप्ततेचा पडदा दूर झाला, आणि त्यानंतर ते अग्निशामक दलाकडे, वीजतंत्र्यांकडे आणि शेवटी शिकाऱ्यांकडे आले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. साधी काच हे किरण आरपार जाऊ देत नाही. त्यामुळे या दुर्बिणीचे भिंग काचेचे नसून जर्मेनियम या महाग धातुसदृश मूलद्रव्याचे असते. दुर्बिणीच्या किमतीचा मोठा भाग या भिंगात जातो, आणि सदऱ्याच्या टोकाने ते कोरडे पुसण्याची चूक महागात पडते. मोटारीची काच चढवून आतून शेत न्याहाळावयास गेलेल्या नवशिक्याला शेत तर दिसत नाहीच, उलट काचेत स्वतःच्याच तोंडाची पुसट प्रतिमा दिसते, तीही याच कारणाने.

दुर्बीण विकत घेणाऱ्यापुढे दुकानदार पहिली संख्या ठेवतो ती अंतराची. ‘हजार मीटरवरचे जनावर दिसेल’, ‘अठराशे मीटरवरचे दिसेल’, असे वेष्टनावर छापलेले असते. ही संख्या बहुधा खोटी नसते, परंतु ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे ग्राहकाला ठाऊक नसते. हा प्रश्न १९५८ मध्येच नीट मांडला गेला होता. अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन या शास्त्रज्ञाने दुर्बिणीतून पाहणाऱ्यांवर प्रयोग करून ‘दिसणे’ या एका शब्दाच्या पोटात असलेल्या पायऱ्या वेगळ्या केल्या. काहीतरी आहे एवढे कळणे, ही पहिली पायरी. ते काहीतरी कोणत्या प्रकारचे आहे, माणूस आहे की गाडी आहे, हे कळणे ही पुढची. आणि त्या प्रकारातील नेमके कोणते आहे हे ओळखणे ही त्याहून पुढची. आजच्या टिंबांच्या भाषेत सांगावयाचे तर वस्तूच्या लहान मापावर पहिल्या पायरीसाठी दोन टिंबे पुरतात, दुसरीसाठी आठ लागतात आणि तिसरीसाठी सुमारे तेरा लागतात. आणि एवढी टिंबे मिळाली तरी उत्तर बरोबर येण्याचा संभव शंभरात पन्नासच, असे त्या मापांचे गृहीत आहे.

हा हिशेब प्रत्यक्ष एका दुर्बिणीला लावून पाहावा. टिंब बारा मायक्रॉनचे आहे आणि भिंगाचे नाभीय अंतर पन्नास मिलिमीटर आहे, असे धरू. मग शंभर मीटरवर एक टिंब सुमारे अडीच सेंटिमीटर जागा व्यापते. डुकराच्या धडाची उंची अर्धा मीटर मानली, तर त्याच्यावर दोन टिंबे पडण्याइतके ते हजार मीटर दूर असले तरी चालते. वेष्टनावरची संख्या ती हीच. परंतु आठ टिंबे पडावयाची तर ते २६० मीटरच्या आत हवे, आणि तेरा पडावयाची तर १६० मीटरच्या आत. भिंग पन्नासऐवजी पंचवीस मिलिमीटरचे असेल, तर हे तिन्ही आकडे निम्मे होतात. ५२० मीटरवर ‘काहीतरी आहे’ हे कळेल. पण ते डुक्करच आहे, वासरू नव्हे, असे म्हणावयास ऐंशी मीटरपर्यंत जवळ जावे लागेल. त्यातही पन्नास टक्क्यांच्या भरवशावर कोणी शहाणा माणूस चाप ओढणार नाही. तेव्हा अंतर आणखी कमी करणे आले. ज्याला हा हिशेब कळला, तो दुकानदाराला हजार मीटरविषयी विचारीत नाही. टिंब केवढे आणि भिंग किती मिलिमीटरचे, असे विचारतो.

चकतीवरील टिंबांची एकूण संख्या हा दुसरा प्रश्न. ६४० गुणिले ५१२ टिंबांची चकती म्हणजे सव्वातीन लाखांहून अधिक टिंबे. ३८४ गुणिले २८८ ची म्हणजे एक लाख दहा हजार. पुष्कळांची अशी समजूत असते की मोठी चकती दूरचे पाहते. वस्तुतः टिंब आणि भिंग तेच असेल तर दोन्हींना सारख्याच अंतरावरचे ओळखता येते. मोठ्या चकतीने अधिक विस्तार दिसतो, एवढेच. वरच्या पन्नास मिलिमीटरच्या भिंगातून शंभर मीटरवर मोठ्या चकतीला सुमारे पंधरा मीटर रुंदीची जागा दिसते, तर लहान चकतीला नऊ मीटरची. नऊ मीटरच्या त्या झरोक्यात धावता कळप सापडणे कठीण, आणि त्या झरोक्याच्या बाहेर, अवघ्या दहा पावलांवर कोण उभे आहे हे तर कळतच नाही. दाट झाडीत जवळून काम करावयाचे असेल तर लहान भिंग व मोठा विस्तार बरा. मोकळ्या सपाट शेतात मोठे भिंग बरे. दोन्हीही गुण स्वस्तात एकत्र मिळत नाहीत. आणि बटण दाबून चित्र दुप्पट, चौपट मोठे करण्याची जी सोय असते, तिच्या मोहात पडू नये. त्याने टिंबे मोठी होतात, वाढत नाहीत. अस्पष्ट डाग मोठा करून पाहिला तरी तो मोठा अस्पष्ट डागच राहतो.

तिसरी गोष्ट संवेदनशीलतेची. तापमानातील किती बारीक फरक चकतीला कळतो, हे मिलिकेल्व्हिन या मापात सांगतात, आणि येथे आकडा जितका लहान तितका चांगला. पंचवीस मिलिकेल्व्हिन म्हणजे अंशाचा चाळिसावा भाग. कोरड्या, थंड रात्री याचे महत्त्व फारसे जाणवत नाही. परंतु मेक्सिकोच्या आखाताकडील दमट रात्री, धुके उतरलेले असताना किंवा पावसाची बुरबुर चालू असताना हवाच बरेच किरण शोषून घेते. त्या वेळी चांगली आणि साधारण दुर्बीण यांतील अंतर उघडे पडते. धुक्यातून आरपार पाहणारी दुर्बीण अशी जी जाहिरात होते, तिच्यावर विसंबू नये. दाट धुक्यापुढे हेही उपकरण आंधळे होते.

सेकंदाला किती चित्रे दिसतात, हेही विचारून घ्यावे. अमेरिकेच्या निर्यातनियमांत सेकंदाला नऊ चित्रांची एक मर्यादा असल्याने तशी संथ उपकरणे बाजारात आहेत. स्थिर वस्तू तपासावयास ती पुरतात, परंतु धावत्या जनावराच्या बाबतीत डोळ्याला दिसणारी जागा आणि जनावर प्रत्यक्ष असलेली जागा यांत फरक पडतो. पन्नास चित्रांची दुर्बीण या कामासाठी योग्य. मधूनच टक असा आवाज होऊन चित्र क्षणभर गोठते, तो बिघाड नव्हे. सर्व टिंबांची बरोबरी करून घेण्यासाठी आतील झडप मिटत असते. ऐन नेमाच्या क्षणी ती मिटू नये म्हणून हे काम हाताने करण्याची सोय असलेली दुर्बीण घेणे चांगले. बॅटरी चार ते आठ तास टिकते आणि थंडीत कमी टिकते. दुसरी खिशात असावी.

या साऱ्या विचारानंतर पैसा मोजका असेल, तर अनुभवी माणसे एक निराळाच सल्ला देतात. तो असा की बंदुकीवरच्या दुर्बिणीआधी हातात धरावयाची उष्णतेची दुर्बीण घ्यावी. कारण साधे आहे. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून शेत न्याहाळावयाचे म्हणजे भरलेल्या बंदुकीची नळी शेतावरून फिरवावयाची. त्या शेतात गाय आहे, शेजाऱ्याचा कुत्रा आहे, कदाचित शेजारीही आहे. आणि ते कोण आहेत हे ठरविण्याआधीच प्रत्येकावर बंदूक रोखली जाते. शोध हाताच्या दुर्बिणीने घ्यावा, ओळख पटवावी, आणि मगच बंदूक उचलावी, हा क्रम मोडू नये.

उपकरण घरी आले की पहिले काम नेम जुळविण्याचे. साध्या कागदी लक्ष्याची छपाई या दुर्बिणीला दिसत नाही. तिच्या दृष्टीने काळे आणि पांढरे एकाच तापमानाचे असते. म्हणून लक्ष्याच्या मध्यावर गरम होणारी पुडी लावतात, किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खाचा चौकोन वरच्या बाजूस थोडा कलता चिकटवितात. वर्ख थंड आकाशाचे प्रतिबिंब दाखवितो, म्हणून तो गडद दिसतो. शंभर मीटरवर नेम जुळला की काम झाले असे समजू नये. दुर्बीण काढून पुन्हा बसविली, गोळीची जात बदलली किंवा बंदूक कोठे आपटली, तर नेम पुन्हा तपासावा.

रात्री शेतात उतरल्यावर पहिली अडचण येते ती अंतराची. दिवसा अंतर कळते ते सावल्यांवरून, झाडांच्या मागेपुढेपणावरून, रंगांच्या फिकटपणावरून. उष्णतेच्या चित्रात यांतील काहीच नसते. ते सपाट असते. जवळचा ससा आणि दूरचे डुक्कर पडद्यावर सारख्याच आकाराचे दिसू शकतात. म्हणून दिवसाउजेडी शेतात हिंडून खुणा ठरवून ठेवाव्यात. पाण्याची टाकी इतक्या मीटरवर, फाटक इतक्या मीटरवर. लेसरने अंतर मोजण्याचे साधन जवळ असेल तर अधिक चांगले.

दुसरी अडचण वेळेची. दिवसभर तापलेले दगड, कुंपणाचे खांब आणि उघडी जमीन संध्याकाळी उशिरापर्यंत ऊब सोडीत असतात. त्या वेळी पडद्यावर सारेच उजळ दिसते. दिवसातून दोनदा तर असा काळ येतो की वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांचे तापमान सारखे होऊन वस्तू जणू विरघळून जाते. पहाटेपूर्वी जमीन पुरती थंडावलेली असते. तेव्हाचे चित्र सर्वांत स्वच्छ.

तिसरी अडचण अधिक गंभीर आहे. ही दुर्बीण ऊब दाखविते. जे सभोवतालच्या इतकेच गार आहे ते दाखवीत नाही, किंवा फार पुसट दाखविते. जनावरासमोरची वाळकी फांदी, तारेचे कुंपण, उंच गवताची काडी तिला दिसेलच असे नाही. पण गोळी त्यांवर आपटून दिशा बदलू शकते. जनावराच्या मागे काय आहे, मातीचा चढ आहे की उतारापलीकडचे घर आहे, हेही चित्रावरून कळत नाही. घराची गार भिंत आणि गार टेकडी पडद्यावर एकच. हे ज्ञान दिवसा पायांनी मिळवावे लागते. ज्या शेताची रचना शिकाऱ्याला उजेडात माहीत नाही, तेथे त्याने रात्री गोळी सोडू नये, या नियमाला अपवाद नाही.

आता अशी कल्पना करावी की भुईमुगाच्या शेताच्या कडेला एक शेतकरी बसला आहे. पहाटेचे तीन वाजले आहेत. तीन रात्री त्याचे शेत उकरले गेले आहे. हाताच्या दुर्बिणीत दूरच्या बांधाशी पाच पांढरे ठिपके दिसतात. तो थांबतो. ठिपके पुढे सरकतात आणि त्यांना आकार येतो. डोके खाली, मान जवळजवळ नाहीच, पुढचा भाग भारी आणि मागचा निमुळता. पायांची हालचाल तुरुतुरु. मोठ्या आकारांच्या मागे लहान आकारांची रांग. ही डुकरे होत. वासराचे पाय उंच असतात आणि मान स्पष्ट दिसते. हरीण मधून मधून मान उंच करून स्तब्ध उभे राहते. आकारापेक्षा चाल अधिक खरे सांगते, म्हणून अनुभवी शिकारी एका चित्रावरून निर्णय करीत नाही. मिनिटभर पाहत राहतो.

शेतकरी बंदूक उचलतो. एवढ्यात कळपाच्या डावीकडे, झुडपाच्या वर, एक वाटोळा उबदार ठिपका त्याला दिसतो. तो हालत नाही. ते झाडावर बसलेले रॅकून असेल, कळपातून फुटलेले पिल्लू असेल. आणि झुडपामागे गुडघ्यावर बसलेल्या माणसाचे डोकेही पडद्यावर अगदी असेच दिसते. शेजारच्या जमिनीवरचा शेतकरीही त्याच कळपाच्या मागावर असू शकतो. जनावर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या दुर्घटना अमेरिकेत घडलेल्या आहेत, आणि रात्रीच्या दुर्बिणी हाती असताना घडलेल्या आहेत. अशा वेळी नियम एकच सांगतो. ठिपक्याची ओळख पटेपर्यंत बोट चापावर जाता कामा नये. ओळख पटण्यापूर्वी कळप निघून गेला तर जाऊ द्यावा. भुईमुगाची एक ओळ पुन्हा पेरता येते.

याच कारणासाठी तेथील जाणती माणसे रात्री निघण्यापूर्वी शेजाऱ्यांना आणि शिकारखात्याच्या अधिकाऱ्याला कळवून ठेवतात. दोघे-तिघे बरोबर असतील तर कोण कोठे बसणार हे आधी ठरवितात आणि ठरल्यावर कोणीही न सांगता जागा सोडीत नाही. गोळी लागलेले जनावर गवतात पडले तर त्याची ऊब काही काळ दिसत राहते, त्यामुळे जखमी जनावराला तडफडत न ठेवता शोधून काढता येते. हा या उपकरणाचा दयेचा उपयोग होय, आणि तो करणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

इतके करून डुकरांचा प्रश्न सुटतो काय, असे विचारले तर त्याचे उत्तर नकारार्थी आहे. डुकराची मादी वर्षातून दोनदाही वीत शकते. तेथील जाणकारांच्या मते संख्या नुसती आहे तेथे रोखून धरावयाची, तरी दरसाल सुमारे दोन तृतीयांश डुकरे कमी करावी लागतील. बंदुकीने एका रात्री दोन-चार पडतात, उरलेला कळप पांगतो आणि शहाणा होतो. म्हणून मोठे गोल पिंजरे उभारून, कळप सवयीने आत येऊ लागल्यावर सारा एकदम कोंडण्याची पद्धत अधिक परिणामकारक मानली जाते. उष्णतेची दुर्बीण हे त्या प्रयत्नातील एक पूरक साधन आहे. पिंजऱ्याला हुलकावणी देणाऱ्या उरल्यासुरल्यांसाठी तिचा उपयोग मोठा आहे.

भारतात स्थिती निराळी आहे, आणि ती निराळी असणे योग्यही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली. पिकाचा नाश करणाऱ्या किंवा जिवाला धोका देणाऱ्या जनावराच्या बाबतीत अधिकृत परवानगीनेच कारवाई करता येते. केरळ सरकारने २०२२ मध्ये रानडुकरांपुरता हा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांपर्यंत खाली आणला. तेव्हा टेक्ससच्या शेतकऱ्याची दुर्बीण मराठी शेतकऱ्याने बंदुकीवर बसवावी, असा याचा अर्थ नव्हे. परंतु तीच नजर बंदुकीशिवायही उपयोगी पडते, हे आपल्या देशानेही पाहिले आहे. आसामातील काझीरंगाच्या अरण्यात उंच मनोऱ्यांवर बसविलेले उष्णतेचे कॅमेरे गेंड्यांच्या चोरट्या शिकाऱ्यांवर रात्री पहारा ठेवण्यासाठी वापरले गेले. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांनी गावे भयभीत झाली, तेव्हा वनखात्याने उसाच्या शेतांवरून उष्णता टिपणारे ड्रोन उडवून त्यांचा माग काढला. माळ्यावर बसलेल्या राखणदाराच्या हाती असे साधे हातातले उपकरण आले, तर कळप बांधावर येण्याआधीच त्याला डबा बडवता येईल. रात्रभर बडवीत बसावे लागणार नाही.

बंदूक असो वा नसो, दुर्बीण एवढेच सांगते की तेथे काहीतरी उबदार आहे. गाय उबदार असते, डुक्कर उबदार असते, शेजाऱ्याचा मुलगाही उबदार असतो. त्यांतील कोण हे दुर्बिणीला ठाऊक नसते. ते ठरविण्यासाठी जवळ जावे लागते, थांबावे लागते, आणि पुष्कळ वेळा काहीही न करता घरी परतावे लागते. टेक्ससमधील ज्या शेतकऱ्याला हे साधले, त्याची दुर्बीण त्याच्या उपयोगी पडली असे म्हणता येईल.